जेलमध्ये भावाला शिक्षा झाली, बाजू ऐकलीच नाही. दाद कुठे मागायची?

नमस्कार, कायद्यातलं कुणी जाणकार असेल तर प्लीज मार्गदर्शन करा. माझा धाकटा भाऊ जन्मठेपेत आहे, जेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दिवाळीआधी त्याच्या बराकीत झडती झाली, संडासाच्या टाकीमागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाईल सापडला, आणि भावाची वळकटी त्याच भिंतीला म्हणून नाव त्याचं लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेऊन एका छापील कागदावर सही घेतली. त्यात खुलाशासाठी दोन ओळींची जागा, आणि तीही कुणीतरी आधीच "चूक मान्य आहे" असं लिहून भरलेली. शेजारी झोपणारा कैदी सांगायला तयार होता की फोन दुसऱ्याचा आहे, त्याला कुणी बोलावलंच नाही. कमावलेली माफी (शिक्षेतली सूट) कापली, मुलाखत म्हणजे घरच्यांची भेट बंद. आईला हे कळलं ते गेटवर नंबर लावून उभी असताना.

प्रिझन्स ॲक्ट 1894 वाचला. कलम 46 खाली चौकशी अधीक्षकच करणार आणि शिक्षाही तेच देणार, म्हणजे आरोप त्यांच्या माणसाचा आणि निकालही त्यांचाच, हे मला पटतच नाही. कलम 51 म्हणतं की गंभीर गुन्ह्यात साक्षीदारांची नावं शिक्षेच्या रजिस्टरमध्ये लिहायची, पण ते रजिस्टर आम्हाला दाखवणार कोण? कॉपी मागितली तर "नोंद झालीय" एवढंच उत्तर. सत्र न्यायालयात जाऊ की थेट हायकोर्टात? वकिलाची ऐपत नाही, आणि या शिक्षेच्या नावाखाली पुढची फर्लो (कैद्याला मिळणारी ठरावीक सुट्टी) अडवतील ही मोठी भीती आहे. फोन कुणाचा ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण त्याला नीट विचारायला तरी हवं होतं ना?

प्रतिसाद:
ताई, अर्जात सगळा जोर "फोन त्याचा नव्हता" यावर देऊ नका. हायकोर्ट पुरावा नव्याने तोलत बसत नाही, शिक्षा देण्याची रीत बरोबर होती का ते बघतं, आणि तुमची बाजू तिथेच भक्कम आहे. डिसेंबर 1979 चा सुनील बत्रा निकाल वाचा. तिहारमधल्या एका कैद्याला मारहाण झाली म्हणून तिथल्याच बत्रा या कैद्याने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टाने तेच याचिका म्हणून घेतलं. त्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट सांगितलंय की एकांतवास, सवलती काढणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या जेलला पाठवणं यातलं काहीही सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करायचं नाही, फारच तातडी असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवायचं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की हे प्रकरण सत्र न्यायाधीशांकडे गेलं होतं का, कधी, आणि त्यांचा शेरा काय. गेलंच नसेल तर राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात फौजदारी रिट याचिका करा.

वकिलाची काळजी करू नका, 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 नुसार कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. आदेशाची नक्कल भावाने स्वतः लेखी मागावी आणि पोच घ्यावी, तोंडी मागण्याला पुढे काही पुरावा राहत नाही. भरून ठेवलेल्या कागदाचं जसं घडलं तसं त्याच्याकडून लिहून घ्या. त्या शेजारच्या कैद्याचं नावही आत्ताच लिहून ठेवा, त्याची बदली झाली की शोधणं अवघड जाईल.