टेप तापतोय म्हणून मोठा फ्यूज? असले सल्ले देणं बंद करा

जुनाट_जीप
काल इथे एकाने विचारलं: "स्विफ्टमधला टेप काढून वडिलांच्या जुन्या जीपमध्ये बसवला. थोड्या वेळात हात लाववत नाही इतका तापतो, मग आवाज जातो, गार झाला की परत येतो. आवाज कमी ठेवला तरी तेच. फ्यूजपण उडाला." त्यावर पहिलाच सल्ला: "१० अँपिअरचा काढून २० चा फ्यूज टाका, मागे कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावा. टेप तापतोच." आणि खाली अंगठ्यांची रांग!

अहो, फ्यूज वायरीला आग लागू नये म्हणून असतो. तो उडतोय म्हणजे करंट जायला नको तिथे जातोय. २० चा टाकलात तर फ्यूज टिकेल आणि डॅशबोर्डमागची बारीक वायर वितळेल.

हाच टेप स्विफ्टमध्ये मुकाट चालत होता. म्हणजे टेप तोच, गाडी बदलली. मग आधी गाडी बघा ना! जुन्या जीपला स्पीकरपर्यंत एकच वायर जायची, दुसरं टोक बॉडीला स्क्रूने अर्थ. त्या काळच्या टेपला ते चालायचं. आताच्या टेपमधली आवाज वाढवणारी चिप स्पीकरच्या दोन्ही टोकांना पॉवर देते. मायनसच्या वायरीवरही बॅटरीच्या निम्मे, सहा-सात व्होल्ट असतात. ती बॉडीला लावली की शॉर्ट. चिप तापते, स्वतःला वाचवायला आवाज तोडते, गार झाली की पुन्हा सुरू. प्रश्नात हेच तर लिहिलंय, वाचायचे कष्ट घेतले असते तर.

चारही स्पीकर सोडवा आणि टेप नुसता चालू ठेवा. गार राहिला तर दोष स्पीकरच्या बाजूला. तरीही तापला तर सप्लाय किंवा चिप. गाडी चालू करून टेपच्या पिवळ्या, म्हणजे बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर व्होल्टेज बघा, १४ च्या आसपास हवं. १५ च्या वर गेलं तर कटआउट, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, बघून घ्या.

पंखेवाला
तो सल्ला माझा होता. मास्तर, शिकवणी झाली असेल तर बोलू का?

माझ्या ओम्नीत असाच तापायचा. ऑटो इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासून "काही नाही" म्हणून पैसे घेतले. मी पंखा लावला, अजून चालतोय. डब्यावर ५० गुणिले ४ छापलेला टेप दर स्पीकरला खरे वीसच्या आसपास वॅट देतो, आणि मोठ्या आवाजाला जवळपास तेवढीच उष्णता मागच्या हीटसिंकमधून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या धातूच्या तुकड्यातून, बाहेर टाकतो. तिला वाट नको? आणि दर माणसाकडे मल्टीमीटर असतो का? तुमच्याकडे असेल, टेबलावर फ्रेम करून ठेवलेला.

जुनाट_जीप
"आवाज कमी ठेवला तरी तेच." मोठ्या आवाजाची उष्णता कमी आवाजाला कुठून आली? उत्तर द्या, मग फ्रेमचं बघू.

उसाचा_हंगाम
काय जीप घेऊन बसलाय राव. आमच्या ट्रॅक्टरवर चार बारा इंची स्पीकर हायत, संध्याकाळपासून साखर कारखान्याच्या गव्हाणीवर ऊस उतरवायचा नंबर लागंस्तोवर वाजतात. टेप गार. पंखा न्हाय, मीटर न्हाय.

जुनाट_जीप
दादा, तुमच्याकडे वेगळा ॲम्प्लिफायर असणार, थेट बॅटरीवरून जाड वायर. टेपवर नुसता सिग्नलचा भार. तेच चार स्पीकर जोडी-जोडीने थेट टेपला लावा, ४ चे २ ओहम होतात, करंट दुप्पट. मग सांगा गार राहतो का.

कारखाना_रोड
बरं झालं हे भेटले. आमचं घर कारखान्याच्या रस्त्यावर. हंगाम सुरू झाला की रात्री दोनला खिडकीच्या काचा थरथरतात. दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबल, हा नियम आहे. तुम्ही टेप तापतो का विचारताय, आमचं डोकं तापतं त्याचं काय?

उसाचा_हंगाम
दिवसा फडात भरायचं, रात्री दोन ट्रॉल्या ओढायच्या, मग यार्डात नंबराची वाट बघायची. गाणं बंद केलं की डोळा लागतो. डोळा लागला की ट्रॉली तुमच्याच अंगणात. काचा थरथरलेल्या बऱ्या का?

कारखाना_रोड
आणि मागून हॉर्न वाजवून घसा बसला तरी तुम्हाला ऐकू येत नाही, त्याचं? माझा भाऊ दुचाकीवर उभ्या ट्रॉलीत घुसला. ना दिवा, ना रिफ्लेक्टर. स्पीकरला लाल-निळे दिवे मात्र होते. पाय अजून नीट टेकत नाही त्याचा.

उसाचा_हंगाम
ते वाईट झालं. पण ती ट्रॉली माझी न्हवती. सगळ्यांना एका मापात घालू नका.

बॅटरी_चार्जिंग
मूळ मुद्द्याला कोणी वाली आहे का? माझ्याकडे ट्रकवाले येतात. २४ व्होल्टची गाडी, १२ चा टेप, आणि जोडलेला कुठे? दोनातल्या एका बॅटरीवर. ती बॅटरी उतरते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि शिव्या खातो दुकानदार. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्या म्हटलं की "टेपपेक्षा महाग" म्हणतात. बॅटरी फुकट मिळते बहुतेक.

वडिलांची_जीप
प्रश्न माझाच. स्पीकर सोडवले, टेप तासभर गार. शेजाऱ्याच्या मीटरने बघितलं. टेपपासून सोडवलेल्या मायनस वायरी बॉडीला लागलेल्या दाखवतात, पुढच्या दोन्ही स्पीकरच्या.

जुनाट_जीप
दोन्ही स्पीकरना दुपदरी वायर थेट टेपच्या कपलरपर्यंत, म्हणजे मागच्या वायरींच्या जोडापर्यंत ओढा. पांढरी-राखाडी पुढची, हिरवी-जांभळी मागची, काळ्या पट्ट्याची ती मायनस. बॉडीला एकही नाही. स्पीकरला बॉडीकडे जाणारी पट्टी असेल तर तीही काढा.

पंखेवाला
आणि टेपच्या मागे काय होतं तेही सांगा की.

वडिलांची_जीप
जुन्या सीटचा फोम. खडखडू नये म्हणून फिटरने कोंबला होता.

पंखेवाला
हं.

जुनाट_जीप
ठीक आहे, फोम काढा, पंखा लावा, हवं तर पंख्याला हार घाला. २० चा फ्यूज टाकला असेल तर आजच्या आज काढून १० चा बसवा.

पंखेवाला
१० चा बसवा. तेवढं मान्य. पण तुमच्या बोलण्याच्या पद्धतीमुळे मान्य करावंसं वाटत नाही.

कारखाना_रोड
यांचं मिटलं. ट्रॉलीच्या रिफ्लेक्टरचं?

उसाचा_हंगाम
शनिवारी यार्डात या, स्वतःच्या हातानं लावून द्या. चहा आमच्याकडून. गाणं मात्र चालू राहील.