अंग बाहेर येतं, ऑपरेशन ठरलंय. आधी काय तयारी करू?

महालची काकू: वय 61. उकिडवं बसलं की अंग हाताला लागतं. अंग आत राहावं म्हणून रिंग बसवली होती, ती टिकली नाही. आता खालूनच गर्भपिशवी काढून टाके घालणार आहेत. शुगर आहे, अ‍ॅस्पिरिन चालू आहे. घरी देशी संडास, अन् कूलरचं पाणी मीच भरते. लाजेपायी कोणाला विचारलं नाही जी.

नंदनवन: काकू, लाज कसली! माझं झालंय. पहिले पोट साफ ठेवा. जोर लावला की टाक्यांवर ताण येतो. मी आधीपासूनच रात्री इसबगोल घ्यायची. कमोडची खुर्ची आणून ठेवा, मेडिकलवाले भाड्यानंही देतात. अन् कूलरची बादली? साधारण सहा आठवडे हात लावायचा नाही. सिलिंडर, गव्हाचा डबा, नातू, काहीच उचलायचं नाही. पाण्याचं मुलाला आत्ताच सांगा, माझ्याकडे तर दुसऱ्याच दिवशी ‘आई, पाणी?’ सुरू झालं होतं! लघवीची नळी एखाद-दोन दिवस राहते, घाबरू नका.

सिस्टर, निवृत्त: अ‍ॅस्पिरिन मनानं बंद करू नका, सर्जन अन् भूलतज्ज्ञ दोघांना विचारा. शुगरच्या गोळ्यांचंही तसंच. खोकला असेल तर आधी बरा करून घ्या. सैल गाऊन न्या.

महालची काकू: खुर्ची उद्याच पाहते. अन् खाली टाके असताना हसलं-शिंकलं तर?

नंदनवन: मांडीवर मांडी घट्ट दाबायची, मग शिंकायचं.