कॅथेड्रल कॅननांचं, गळा व्हिकरांचा: मान कुणाला द्यायचा?

उंबरठा
गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या वेल्स नावाच्या लहानशा शहरात गेलो होतो. तिथल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, उत्तरेला व्हिकर्स क्लोज नावाची गल्ली आहे. दोन्ही अंगांना एकसारखी दगडी घरं, उंच धुराडी, एका टोकाला जेवणाचा हॉल, दुसऱ्या टोकाला लहानसं चॅपल. बिशप राल्फ ऑफ श्रूजबरी यांनी 1348 मध्ये ही वसाहत स्थापन केली. मूळची घरं 42, प्रत्येकात खाली एक खोली आणि वर एक. इथे राहायचे ते व्हिकर कोरल, म्हणजे बदली गायक.

बदली कुणाच्या? कॅननांच्या. कॅथेड्रलचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे सभासद ते कॅनन. त्यांना 'प्रेबेंड' मिळे. म्हणजे बहुधा एखाद्या गावच्या जमिनीचं किंवा चर्चचं उत्पन्न त्यांच्या नावे तोडून दिलेलं असे. वतन म्हटलं की आपल्याला पटकन कळतं, फक्त हे बापाकडून मुलाकडे जात नसे. त्या बदल्यात कॅथेड्रलमध्ये दिवसरात्रीच्या प्रार्थना गाणं हे त्यांचं काम. पण बरेचसे कॅनन तिथे राहतच नसत. कुणी राजाच्या कचेरीत, कुणी ऑक्सफर्डला, कुणी पोपच्या दरबारी. त्यांच्या जागी रोज उभा राहायचा तो व्हिकर, कॅननच्या मानाने अगदी थोडक्या पैशांत.

मला ही व्यवस्था उघड अन्यायाची वाटते. ज्यांनी खरोखर गायलं त्यांच्यापासून या कॅथेड्रलांचा इतिहास सांगायला हवा. मार्गदर्शक मात्र तासभर बिशपांचीच नावं घेत होता.

जुनी_वही
धागा आवडला, निष्कर्ष पटला नाही.

सगळे कॅनन गैरहजर नव्हते. सॉल्सबरीचं आजचं कॅथेड्रल 1220 मध्ये नव्या जागी सुरू झालं. त्या बांधकामाची देखरेख इलायस ऑफ डेरहॅम या कॅननने केली, आणि शेजारीच स्वतःचं घर बांधून तो तिथे राहिला. कॅननांच्या मंडळाचा प्रमुख डीन, गायनाचा प्रमुख प्रिसेंटर, शाळा आणि पत्रव्यवहार पाहणारा चान्सलर, चांदीची भांडी आणि मेणबत्त्या सांभाळणारा ट्रेझरर, ही चार पदं नुसती मिरवायची नव्हती.

एक्सेटरचा हिशेब तर तुमच्या मुद्द्याच्या उलटच जातो. तिथे 24 कॅनन होते आणि प्रेबेंड सगळ्यांना सारखं, वर्षाला 4 पौंड. खरी कमाई रोजच्या वाट्याची, आणि तो वाटा फक्त हजर असणाऱ्याला. म्हणजे गैरहजेरी फुकट पडत नव्हती.

आणि राजाच्या कचेरीतले लोक म्हणजे कोण? करांचा हिशेब ठेवणारे, न्यायालयाचे हुकूम लिहिणारे, वकिलातीवर जाणारे. त्यांना नीट पगार देण्याची सोय राजाकडे नव्हती. लिहिता-वाचता येणारा माणूस राज्याला हवा होता आणि त्याचा खर्च प्रेबेंडांतून निघे. आजच्या पगारी नोकरशाहीच्या नजरेने ते शोषण दिसतं. त्या काळी दुसरा मार्ग कुठला होता, ते सांगा.

गवाक्ष
मार्ग होता की! इंग्लंडमधल्या 19 कॅथेड्रलांपैकी 10 ठिकाणी कॅनन नव्हतेच, मठवासी साधू होते. कँटरबरी, विंचेस्टर, डरहॅम, नॉर्विच ही त्यांतली. साधूला स्वतःचं उत्पन्न नाही, त्यामुळे बदली ठेवायचा प्रश्नच नाही. ज्याने व्रत घेतलं त्यानेच रात्री उठून गायचं.

जुनी_वही
गवाक्ष, डरहॅमचं नाव तुम्हीच घेतलंत म्हणून सांगतो. संत कथबर्टचा देह पिढ्यान्‌पिढ्या जपणारा समाज तिथे होता, बायकामुलांसह राहणारा. 1083 मध्ये बिशप विल्यम ऑफ सेंट कॅले यांनी त्यांना हटवून साधू आणले. साधू व्हा नाहीतर निघा, असा पर्याय होता आणि जवळजवळ सगळे निघाले. पुढे त्याच कॅथेड्रलच्या फरशीत काळसर संगमरवराची एक पट्टी बसवली गेली. स्त्रियांनी तिच्यापुढे यायचं नाही. ती पट्टी आजही दिसते. शिस्त होती, मान्य. तिची किंमत कुणी दिली तेही मोजा.

उंबरठा
जुनी_वही, राजाला कारकून हवे होते हे खरं. मग त्यांचा खर्च राजाने सोसावा. प्रेबेंडचे पैसे येत कुठून? गावातल्या शेतकऱ्याने चर्चला दिलेल्या दशमांशातून. त्याने तो दिला आपल्या गावात धर्मगुरू असावा म्हणून. तो गेला दूरच्या कॅननकडे, आणि गावात कॅननने नेमला आणखी एक व्हिकर, तोही थोडक्यात भागवणारा. म्हणजे एका माणसाच्या उत्पन्नासाठी दोन बदली माणसं, एक कॅथेड्रलमध्ये आणि एक गावात. ज्या शेतकऱ्याने पोतं भरून धान्य दिलं त्याला त्या कॅननचं तोंडही दिसलं नसेल. याला सोय म्हणायला माझं मन धजत नाही.

सांजदिवा
तुम्ही दोघेही कॅनन एका बाजूला आणि व्हिकर दुसऱ्या बाजूला अशी रेघ मारताय. एक्सेटरमध्ये ती रेघ जागेवर राहत नाही.

तिथला प्रिसेंटर वॉल्टर लेचलेड. नोव्हेंबर 1283 मध्ये रात्रीची प्रार्थना आटोपून घरी निघालेला असताना कॅथेड्रलच्या आवारातच त्याचा खून झाला. त्याच्यामागे बिशप आणि डीन जॉन पायकॉट यांच्यातलं भांडण होतं. लेचलेड बिशपच्या बाजूचा. दोन वर्षं प्रकरण भिजत पडलं, शेवटी 1285 च्या नाताळात राजा पहिला एडवर्ड स्वतः एक्सेटरला आला. महापौर आल्फ्रेड ड्यूपोर्ट फासावर गेला, कारण त्या रात्री शहराचा दक्षिण दरवाजा उघडा राहिला होता. डीन धर्माधिकारी म्हणून राजाच्या शिक्षेतून सुटला. त्यानंतर आवाराला भिंत घालायची परवानगी मिळाली. कॅथेड्रलभोवतीचा तो शांत 'क्लोज' पर्यटकांना फार आवडतो, पण त्याचे दरवाजे भीतीतून आलेत.

आणि व्हिकर? 1330 मध्ये बिशप ग्रँडिसन यांनी लेखी तक्रार केली, की वरच्या रांगेत उभे राहणारे काही जण मेणबत्तीचं वितळलेलं मेण खालच्या रांगेतल्यांच्या डोक्यावर मुद्दाम सांडतात. पहाटेच्या प्रार्थनेत, हसू पिकावं म्हणून. एक्सेटरमध्ये 14 लहान गायक मुलं, त्यांच्यावर 12 तरुण, मग 24 व्हिकर अशी उतरंड होती. मेण नेहमी खालीच सांडतं. त्या मुलांबद्दल या धाग्यात अजून एक ओळही आली नाही.

उंबरठा
सांजदिवा, मुलांचा मुद्दा मनाला लागला. मी तो विसरलो होतो.

व्हिकर संत होते असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या वागणुकीबद्दल आपल्याला जे कळतं ते वरच्यांच्या तक्रारींतून. कॅननांनी आपल्या व्हिकरांना वाईट वागवलं याची तक्रार लिहून ठेवायला कोण बसलं होतं? वेल्सला हॉलपासून कॅथेड्रलपर्यंत रस्त्यावरून एक झाकलेला पूल आहे, 1460 च्या सुमाराचा. पावसापाण्यात, काळोखात व्हिकरांना जाता यावं म्हणून. त्या पुलाखाली उभा असताना मला कॅनन आठवले नाहीत.

जुनी_वही
तो पूल बिशप थॉमस बेकिंग्टन यांच्या काळात झाला. बिशप होण्याआधी ते सहाव्या हेन्रीचे सचिव होते आणि चर्चमधल्या अनेक पदांचं उत्पन्न एकाच वेळी घेत होते. तुम्ही ज्यांच्यावर रागावलात अगदी त्याच जातकुळीचा माणूस. व्हिकरांच्या घरांची ती उंच धुराडीही त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या इस्टेटीतून बांधली गेली. त्यांवर त्यांची चिन्हं कोरलेली आहेत.

उंबरठा
धुराड्यांवरची ढालीसारखी चिन्हं पाहिली होती, कुणाची ते माहीत नव्हतं. बेकिंग्टन यांचं ऋण मान्य. पण धान्य देणाऱ्या गावाचं काय, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.