ग्रेड १ सरकलेला मणका: नुसती नस मोकळी करावी की स्क्रू टाकावेत?

बाभूळबन
कमरेचा चौथा मणका (एल-४) पाचव्यावर (एल-५) थोडासा पुढे सरकलाय (पाव भागापर्यंत सरकला की ग्रेड १), नसांची नळी अरुंद झालीय, शे-दोनशे पावलं चाललं की पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं. साठी ओलांडलेल्या अशा पेशंटला सर्रास चार स्क्रू, दोन रॉड आणि एक केज (दोन मणक्यांमध्ये बसवायचा ठोकळा) घालून मणके जोडायचं ऑपरेशन, म्हणजे फ्यूजन, सांगितलं जातं. 'नुसती नस मोकळी केली तर मणका आणखी सरकेल, पुन्हा टेबलावर यावं लागेल' हे त्याचं ठरलेलं कारण. ही भीती फुगवलेली आहे असं माझं मत. २०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये स्वीडनमधली २४७ पेशंटची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १३५ जणांचा मणका सरकलेला होता. सरासरी साडेसहा वर्षांत पुन्हा ऑपरेशन झालेले: नस मोकळी केलेल्यांत २१ टक्के, फ्यूजनवाल्यांत २२. फ्यूजनवाल्यांचा दवाखान्यातला मुक्काम मात्र ४.१ दिवसांऐवजी ७.४ दिवस. मग स्क्रूंनी वाचवलं काय?

कातळकडा
अर्धीच गोष्ट सांगताय. त्याच अंकात अमेरिकेतली ६६ पेशंटची चाचणी आहे, सगळे ग्रेड १ सरकलेले. चार वर्षांत पुन्हा ऑपरेशन: नुसती लॅमिनेक्टॉमी (मणक्यामागचं हाड काढून नस मोकळी करणं) केलेल्यांत ३४ टक्के, फ्यूजनवाल्यांत १४. आणि पुढे-मागे वाकल्यावर मणका ३ मिमीपेक्षा जास्त हलतो असे पेशंट आधीच वगळलेले होते. म्हणजे 'स्थिर' म्हणून निवडलेल्यांतही तिघांत एक परत आला, तोही त्याच लेव्हलला, म्हणजे मणक्यांच्या त्याच जोडीत.

उंबरठा
३४चा आकडा सांगताना हाड किती काढलं तेही सांगा की. मधला काटा, त्याचे लिगामेंट, फॅसेटचा (मणक्यांमागच्या सांध्याचा) आतला भाग असं सगळं काढून पूर्ण लॅमिनेक्टॉमी केली तर आधीच सैल असलेला मणका सरकणारच. नॉर्वेच्या २६७ पेशंटच्या चाचणीत (२०२१) मधले लिगामेंट राखून नस मोकळी केली होती. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन १२.५ टक्के, फ्यूजनमध्ये ९.१. दैनंदिन हालचालीतला फायदा जवळपास सारखाच.

शिवाय पुन्हा ऑपरेशन करायचं की नाही हे सर्जन आणि पेशंट मिळून ठरवतात. स्क्रू नसलेल्याची कंबर दुखली की 'आता फ्यूज करू' म्हणणं सोपं. ज्याचं फ्यूजन झालंय त्याची कंबर तेवढीच दुखली तरी पुढे काय करणार?

कातळकडा
मान्य, पण मग फ्यूजन फसतं ते का, हेही बघा. दोष बऱ्याचदा इंडिकेशनमध्ये (ऑपरेशन करायच्या निर्णयात) नसतो, तयारीत असतो. पेशंटला 'सिगारेट ओढता का?' एवढंच विचारतात. आपल्याकडच्या आजी सिगारेट ओढत नाहीत, पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. आजोबांच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असते. निकोटीन तेच, हाड जुळू न देण्याचं कामही तेच. निदान चार आठवडे आधी आणि पुढे तीन महिने बंद हवं. निकोटीनचा च्युइंगम दिलात तर लघवीतली कोटिनिन (निकोटीनपासून शरीरात बनणारं द्रव्य) तपासणी पॉझिटिव्ह येणारच, तेव्हा लपवलं म्हणून पेशंटवर ओरडू नका.

दुसरं, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. म्हाताऱ्या कमरेत हाडाचे काटे वाढलेले असतात, त्यामुळे कमरेचा टी-स्कोअर (घनतेचा आकडा) खोटा चांगला दिसतो. खुब्याचा बघा. तो -२.५च्या खाली असेल तर आधी हाडाचे उपचार, मग स्क्रू.

चौथीवाट
शेजारच्या लेव्हलबद्दल कोणीच बोलत नाहीये, आणि खरी गोची तिथेच आहे. एल-४चा स्क्रू घालताना एल-३ एल-४च्या फॅसेटचं कॅप्सूल (सांध्यावरचं आवरण) उचकटलं की वरची लेव्हल तिथूनच खराब व्हायला लागते. दुसरी चूक पोझिशनची: गुडघे-खुबे दुमडून पालथं झोपवलं की कंबर सपाट होते. नस मोकळी करायला ते सोयीचं, पण तशीच रॉड घट्ट केली तर कंबर सपाटच जुळते. मग पेशंट उभा राहताना वरच्या चकतीवर भार टाकून तोल सावरतो. खुबे सरळ ठेवा, केज पुढे ढकला, शेवटचे नट पिळण्याआधी मागून दाब द्या. पेल्व्हिक इन्सिडन्स (ओटीपोटाच्या हाडांचा ठरलेला कोन) आणि लॉर्डोसिस (कमरेचा आतला बाक) यांतला फरक १० अंशांच्या आत हवा. कितीतरी फाइलींत तो मोजलेलाच नसतो.

उंबरठा
+१. आणि रिव्हिजनची (पुन्हा ऑपरेशनची) घाई नको. वर्षभराने कंबर दुखते म्हणून सरळ जाड स्क्रू घालायला निघू नका. १ मिमीच्या कापांचा सीटी काढा: स्क्रूभोवती काळी कड (सैल झाल्याची खूण) दिसते का, केजमधून हाडाचा पूल गेलाय का. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करा. मात्र सीआरपी नॉर्मल आलं म्हणून जंतुसंसर्ग नाहीच असं समजू नका. क्युटिबॅक्टेरियम हा त्वचेवरचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, पाचेक नमुने पाठवा आणि लॅबला कल्चर १४ दिवस ठेवायला सांगा. तिसऱ्या दिवशी 'नो ग्रोथ' लिहून आलं की सगळे निर्धास्त होतात, आणि सहा महिन्यांनी ७.५ मिमी जाडीचा स्क्रूही सैल! संसर्ग नक्की नाही असं ठरलं तरच ६.५च्या जागी ७.५ घालण्यात अर्थ आहे.

बाभूळबन
कातळकडा, तुमचा ३ मिमीचा मुद्दा मी घेतो. पण तो मोजायला उभ्याने, पुढे आणि मागे वाकून काढलेले एक्स-रे लागतात. एमआरआय झोपून होतो, तेव्हा सरकलेला मणका कैकदा जागेवर गेलेला दिसतो. फॅसेटमध्ये पाणी दिसलं तर मणका हलतोय अशी तेवढी शंका घ्यायची. हे एक्स-रे न काढताच 'अस्थिर' लिहून स्क्रूचं कोटेशन देतात, माझा वाद त्यांच्याशी आहे.

कातळकडा
आणि ते न काढताच 'स्थिर' लिहून नुसती नस मोकळी करतात, माझा वाद त्यांच्याशी.