‘ताजी’ आणि ‘कोवळी’: भेंडीला नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न (पुणे): आमच्या सोसायटीत दर शनिवारी शेतकऱ्यांकडून थेट भाजी येते आणि तिची यादी मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आहे. ‘ताजी, कोवळी भेंडी’ असं लिहिलं, तर दोन्हींचा अर्थ एकच म्हणून एकाने त्यातला एक शब्द खोडायला सांगितला. मला ते पटलं नाही, पण फरक शब्दांत मांडता येईना. ‘जून’ आणि ‘निबर’ यांचंही तसंच. जाणकारांनी सांगावं.

सातारा: एकही शब्द खोडू नका. ‘ताजी’ म्हटलं की तोडून किती वेळ झाला ते कळतं. ‘कोवळी’ म्हटलं की तोडली तेव्हा ती किती वाढलेली होती ते. पहाटे तोडलेली भेंडी ताजीच, पण तोडा दोन दिवस लांबला असेल तर तीच जून निघते. उलट कोवळी भेंडी चार दिवस फ्रिजमध्ये राहिली की सुकते, काळी पडते, शिळी होते. तिला जून कोणी म्हणणार नाही. भेंडीचा तोडा एक दिवसाआड करावा लागतो तो यासाठीच. बाजारात बायका भेंडीचं टोक मोडून बघतात तेव्हा त्या कोवळेपण तपासत असतात. कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर आत दोर धरलेत.

‘जून’ हा ‘जुना’चा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ संस्कृत ‘जीर्ण’च्या घरात. पण वापरात ते फार लांब गेलेत. जुनी काकडी म्हणजे मागच्या आठवड्यात आणलेली; जून काकडी म्हणजे वेलीवरच वाढून बी धरलेली. ‘निबर’ ही त्याच्या पुढची पायरी. वांग्यात बी धरलं की ते जून, आणि साल चामट होऊन शिजवूनही दाताला लागली की निबर. कितीही बोला, काही फरक पडत नाही अशा पोरालाही आमच्याकडे निबर म्हणतात.

रत्नागिरी: ‘ताजा’ हा शब्द फारसीतून आला आणि सगळ्यांना पुरून उरला, म्हणून यादीत तोच आधी सुचतो. फळांना मात्र तो अपुरा पडतो. आंब्याचं बघा. बाळकैरी, मग कैरी, मग ‘तयार’ फळ, म्हणजे पूर्ण वाढलेलं पण अजून न पिकलेलं. झाडावरच एखादं फळ पिकू लागलं की झाडाला पाड लागला, आणि ते फळ पाडाचं. बाकीची तयार फळं झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढून पिकायला पेंढ्यात अढी घालायची. पिकून पुढे गेलेला, चव फिरू लागलेला आंबा ‘उतरलेला’. तो नासलेला नाही, नासायच्या अलीकडचा आहे. हापूस वरून सुरेख दिसतो आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट गर निघतो, त्याला ‘साका’. या प्रत्येक शब्दावर भाव ठरतो, हे शब्द नुसते शोभेचे नाहीत.

आणि चिंच! हिरवी चिंच आणि पिकलेली चिंच यांच्यामध्ये गाभुळलेली चिंच असते. टरफल गरापासून सुटलेलं, गर आंबटगोड. ‘अर्धी पिकलेली’ म्हणून या शब्दाचं काम भागत नाही. पेरू कधी गाभुळत नाही, केळंही नाही. एका फळाच्या एका अवस्थेसाठी भाषेने एवढा नेमका शब्द राखलाय, तो यादीत जरूर वापरा.

ठाणे (भाजीविक्री): ‘टवटवीत’ आणि ‘ताजी’ यांत गल्लत होऊ देऊ नका. मेथीने मान टाकली की पाणी मारतात, पानं पुन्हा उभी राहतात. म्हणजे टवटवी परत आली, ताजेपणा नाही. रसरशीत हा शब्द फळाला, लुसलुशीत कोवळ्या पानाला.

पुणे (प्रश्नकर्ती): मनापासून आभार. मग ‘जून’ हा दोषच समजायचा का? या शनिवारी भोपळेही आहेत. आणि मेथीसमोर जुडी लिहू की गड्डी?

नागपूर: मुळीच नाही! जून हवं की कोवळं हे वस्तूवर ठरतं. दुधी कोवळा हवा, तांबडा भोपळा जूनच हवा. घारग्यांना जून भोपळ्याचाच गोडवा लागतो आणि टिकतोही तोच. मुळा जून झाला की खाण्याजोगा राहत नाही, पण त्याच रोपाला डिंगऱ्या, म्हणजे शेंगा, येतात आणि त्यांची भाजी फार छान होते. फक्त नावं लिहिताना जपा. आमच्या विदर्भात तांबड्या भोपळ्याला कोहळं म्हणतात, तुमच्याकडे कोहळा म्हणजे पांढरा, पेठ्याचा. आमचा सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. पेरूला आम्ही जाम म्हणतो, मुंबईत जाम हे वेगळंच पाणीदार फळ आहे.

सातारा: जुडी आणि गड्डी दोन्ही बरोबर, कुठे कुठे पेंडीही म्हणतात. पुण्याच्या घाऊक बाजारात फळभाजीचा भाव १० किलोवर आणि पालेभाजीचा शेकडा जुड्यांवर निघतो, तेव्हा तुमच्या यादीत जुडी लिहा. आणि भेंडीसमोर ‘आज पहाटे तोडलेली, कोवळी’ असं लिहा, म्हणजे कुणी काही खोडायला सांगणार नाही.