मदत हवी आहे: वीची गिटार + क्लोन हिरो, नोट सुटतात आणि एक स्ट्रम दोनदा लागतो

नमस्कार मंडळी,

गिटार हिरो ३ (२००७) या खेळाबरोबर यायची ती निन्टेन्डो वी कन्सोलची लेस पॉल गिटार, मान सुटी होणारी, लॅपटॉपला जोडली आहे. वी रिमोट गिटारच्या खाचेत, लॅपटॉपचं स्वतःचं ब्लूटूथ, विटारथिंग (वीची गिटार संगणकाला कंट्रोलर म्हणून दाखवणारा प्रोग्राम), विंडोज ११ आणि क्लोन हिरो (गिटार हिरोसारखाच संगणकावरचा खेळ). आवाज ब्लूटूथ हेडफोनवर.

अडचणी तीन आहेत. कॅलिब्रेशन (आवाज, चित्र आणि दाब यांचा मेळ बसवणं) कितीही वेळा केलं तरी दर वेळी वेगळा आकडा येतो, आणि जलद जागी नोट कधी लवकर तर कधी उशिरा धरली जाते. गिटार जरा हलली की हिरवं आणि नारिंगी फ्रेट (मानेवरचं रंगीत बटण) दाबलेलं असूनही सुटतं. खाली मारलेला एक स्ट्रम (तारांऐवजी असलेल्या पट्टीवरचा फटका) कधीकधी दोन म्हणून मोजला जातो आणि कॉम्बो, म्हणजे सलग बरोबर नोटांची मालिका, तुटतो. शिवाय कंट्रोलरच्या चाचणीत पिवळं दाबलं की ४ नंबर पेटतो आणि निळ्याला ३. वायरी उलट झाल्या आहेत का? कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

शेवटचं आधी सांगतो, तो बिघाड नाही. एक्सबॉक्स ३६० च्या गिटारमध्ये हिरवं म्हणजे ए, लाल बी, पिवळं वाय, निळं एक्स, नारिंगी एलबी. विंडोज एक्सला ३ आणि वायला ४ म्हणतं. विटारथिंग त्याच कंट्रोलरची नक्कल करतं, म्हणून आकडे उलटे दिसतात. वायरींना हात लावू नका.

आता उशिराबद्दल. क्लोन हिरोत नोटेच्या आधी ७० आणि नंतर ७० मिलिसेकंद अशी सवलत असते. स्ट्रम दर वेळी ४० मिलिसेकंद उशिरा पोचत असेल तर काहीच बिघडत नाही, तेवढा आकडा कॅलिब्रेशनमध्ये घातला की झालं. पण उशीर कधी १५ तर कधी ६० असेल, तर कुठलाच एक आकडा लागू पडणार नाही. दर वेळी वेगळं कॅलिब्रेशन येतंय याचा अर्थच हा. त्यामुळे आधी हा हेलकावा, म्हणजे उशिराचं कमी-जास्त होणं, काढा, आकडा मग बघू.

तुमच्याकडे एकाच ब्लूटूथ रेडिओवर हेडफोन आणि रिमोट दोघंही बसलेत. वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर तेही त्याच पट्ट्यात. आज एवढंच करा: वायरचे हेडफोन लावा, वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या किंवा खेळताना बंद ठेवा, व्ही-सिंक (चित्राचा वेग स्क्रीनशी जुळवणारी सेटिंग) बंद करा. टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू करा. मग कॅलिब्रेशन लागोपाठ पाच वेळा करून पाहा. पाचही आकडे १० मिलिसेकंदांच्या आत आले तर मधला घ्या आणि पुन्हा हात लावू नका. आवाजाचं कॅलिब्रेशन डोळे मिटून करा, नाहीतर नजर हाताला ओढते.

आणि एकच गाणं पुढे-मागे वाटत असेल तर मुख्य कॅलिब्रेशन बदलू नका. त्या गाण्याच्या फोल्डरमध्ये 'साँग' नावाची आयएनआय फाइल असते, तिच्यात 'डिले'पुढे मिलिसेकंद लिहून ते एकच गाणं सरकवता येतं.

प्रतिसाद २

फ्रेटचं बघू या. चाचणीची खिडकी उघडा (विंडोजच्या सर्चमध्ये 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स', मग प्रॉपर्टीज). हिरवं दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने मान हलकेच वर-खाली ढकला. दिवा मिणमिणला तर दोष मान आणि धडाच्या सांध्यात. मान अजिबात न हलवता, फक्त जोर कमी-जास्त केल्यावर मिणमिणला तर त्या फ्रेटखालच्या रबराच्या पॅडमध्ये, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं तसल्या. दोन फ्रेट एकदम जातायत म्हणजे बहुधा सांधाच.

मान काढा, दोन्ही बाजूंचे कॉन्टॅक्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर बसतो. पॉलिश पेपर तर मुळीच नको, कॉन्टॅक्टवरचा मुलामा गेला की गंज चढतो आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत तो फार लवकर चढतो. पुसूनही फरक नसेल तर स्प्रिंगच्या पट्ट्या टूथपिकने केसभर वर उचला. केसभरच, जास्त वाकवली की पट्टी तुटते. मानेच्या बुडाशी ढिलाई असेल तर जाड कागदाची घडी अडकवून ती घट्ट करा.

एवढं करूनही सुटत असेल तर कायमचा इलाज म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजू बारीक वायरींनी थेट सोल्डर करणं. मान मग सुटी होणार नाही, पण फ्रेट कधी दगा देणार नाही. रोज खेळणाऱ्याला मी हेच सुचवेन.

प्रतिसाद ३

दोनदा लागणाऱ्या स्ट्रमची कारणं दोन असतात आणि इलाज वेगळे, म्हणून आधी ओळखा. त्याच चाचणीच्या खिडकीत स्ट्रम बार सावकाश पूर्ण खाली दाबा आणि एकदम सोडा.

सोडल्यावर क्षणभर 'वर' दिसलं, तर बार परतताना मधली जागा ओलांडून समोरच्या स्विचला टेकतोय. गिटार उघडून बारच्या दोन्ही बाजूंना पातळ फोम लावा, झोका मरतो. उघडताना स्टिकरखाली लपलेला स्क्रू आधी शोधा, जोर लावून खोलू नका. काही स्क्रू टॉर्क्सचे, म्हणजे ताऱ्याच्या खाचेचे असतात.

'खाली'च दोनदा लुकलुकलं, तर मायक्रोस्विच झिजलाय. आतली पत्ती टेकल्यावर थरथरते आणि एका दाबाचे दोन दाब होतात. स्विच बदला, आणि दोन्ही एकदम बदला, नाहीतर वर-खालीचा जोर वेगळा लागतो आणि हात गोंधळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जुना स्विच सोबत नेऊन मापाला माप जुळवून घ्या. पत्तीची लांबी आणि पायांमधलं अंतर महत्त्वाचं.

धागाकर्ता

सर्वांचे आभार! वायरचे हेडफोन लावून वाय-फाय बंद केल्यावर पाच आकड्यांतला फरक ७० वरून २५ मिलिसेकंदांवर आला. सांधा पुसून कागदाची घडी लावली, हिरवं-नारिंगी आता सुटत नाही. स्ट्रमला 'खाली' दोनदा लुकलुकतं, म्हणजे स्विच. उरलेला २५ चा हेलकावा कसा घालवू?

प्रतिसाद १

तो ब्लूटूथचा आहे. रिमोट स्वतःच साधारण १० मिलिसेकंदांनी एकदा माहिती पाठवतो, त्यात रेडिओची भर. रिमोट वगळून गिटार थेट यूएसबीला आणा. रास्पबेरी पाय पिको (छोटा सर्किट बोर्ड) आणि सँट्रोलर फर्मवेअर (त्यावर चढवायचा, त्याला गेम कंट्रोलर बनवणारा प्रोग्राम) पुरेसं आहे, मग संगणक दर मिलिसेकंदाला विचारणा करू शकतो.

गिटारचं मूळ प्लग कापू नका. नंचकची (वी रिमोटला जोडायच्या छोट्या कंट्रोलरची) एक्स्टेन्शन केबल घेऊन ती कापा. आतल्या वायरींच्या रंगांवर विसंबू नका, मल्टिमीटरने प्लगच्या पिनपासून कोणती वायर कुठे जाते ते तपासा. लागतात चारच: ३.३ व्होल्ट पिकोच्या ३६ नंबरच्या पायाला, ग्राउंड ग्राउंडला, एसडीए (माहितीची वायर) जीपी १८ ला, एससीएल (घड्याळाची वायर) जीपी १९ ला. ४० नंबरच्या पायावर ५ व्होल्ट असतात, तिथे चुकूनही जोडू नका. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी लावा, मग सँट्रोलरच्या कॉन्फिगरेटरमधून फर्मवेअर चढवा.

स्ट्रमचा डिबाउन्सही (एका दाबाची थरथर दुसरा दाब म्हणून न मोजण्याची मुदत) तिथेच मिळेल. ५ ते १० मिलिसेकंद ठेवा. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० ठोके) सोळावे स्वर ८३ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात, त्यामुळे जलद वाजवताना एकही नोट खाल्ली जाणार नाही. नवे स्विच मिळेपर्यंत तेवढ्यावर भागेल, पण झिजलेल्या स्विचची थरथर वाढत जाते, म्हणून स्विच बदलाच.

प्रतिसाद ३

यात एक गोष्ट राहिली. वीच्या गिटारमध्ये तिरपेपणा ओळखणारा सेन्सर नाही, ते काम रिमोटमधला ॲक्सेलरोमीटर करतो. रिमोट गेला की गिटार उचलून स्टार पॉवर (गुण वाढवणारी साठवलेली ताकद) लागणार नाही. गिटारवरचं वजा बटण त्या कामाला लावा, करंगळीला किंवा तळहाताच्या कडेला सापडतं. उचलूनच लावायची असेल तर एसडब्ल्यू-५२०डी हा गोळीचा टिल्ट स्विच पिकोच्या मोकळ्या पायाला आणि ग्राउंडला जोडा. तो मानेच्या दिशेने साधारण ४५ अंश तिरका चिकटवा. सरळ बसवलात तर साध्या स्ट्रमच्या धक्क्यानेही गोळी हलेल आणि स्टार पॉवर नको तिथे खर्च होईल.