सांगलीत नवीन आहे, वर्षाची हळद-मिरची कुठून भरू? (मदत हवी आहे)

डिसेंबरात डोंबिवलीहून विश्रामबागेत राहायला आलेय. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. वाणसामान जवळच्या सुपरमार्केटातून आणायचो, सुरळीत चाललं होतं. परवा शेजारच्या काकूंनी माझी पिशवी बघितली. "सांगलीत राहून पाकिटातली हळद आणताय व्हय?" झालं! सासूबाईंनी मनावर घेतलं. आता हळद, चटणीच्या मिरच्या, शाळू (रब्बीची ज्वारी), बेदाणे, सगळं वर्षाचं भरायचंय.

मार्केट यार्डात गेले. पोत्यांच्या थप्प्याच थप्प्या, वासानंच डोकं भरून गेलं. एका अडत्याला पाच किलो हळकुंडं मागितली तर तो आधी हसला, मग चहा पाजला आणि म्हणाला, "इथं पोत्यानं सौदा हुतोय ताई, सुट्टं पायजे तर गणपती पेठेत जावा."

पेठेत गेले ती नेमकी शनिवारी. स्कूटर लावायला जागा नाही, दुकानात उभं राहायला जागा नाही. घाईत एक किलो सुटी हळद पावडर घेतली. घरी चमचाभर ग्लासातल्या पाण्यात टाकली. तळाला थोडी बसली, पण वरचं पाणी पिवळंजर्द ते पिवळंजर्दच, म्हणजे रंगाची भेसळ असणार. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण पुन्हा जाणार नाही.

तर किलो-दोन किलोच्या गिऱ्हाइकाला नीट माल दाखवणारं कुणी आहे का? शाळू पेठेतूनच घ्यावा की ओळखीच्या शेतकऱ्याकडून?

प्रतिसाद: ताई, पावडर घेऊच नका. राजापुरी हळकुंड मागा आणि दुकानातच मोडून बघा. टणकन मोडलं, आत गडद केशरी दिसलं की घ्या. वाकलं तर ओलं आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण सुट्या पावडरीत ती कुठली हे कोण सांगणार? मिरची रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. देठं काढून कडकडीत वाळवा आणि डंकावर (मिरची कुटायच्या यंत्रावर) स्वतः उभ्या राहा. बेदाणे मुठीत दाबून सोडा, गोळा राहिला तर नको. शाळू शेतकऱ्याकडूनच. आणि शनिवारी पेठेत कोण जातं हो? बाजार असतोय.

धागाकर्ती: आभार! मंगळवारी जाते. विश्रामबागेजवळ डंक कुठे आहे? कुटलेली चटणी रिक्षातून आणायला सासूबाई नको म्हणतायत. रिक्षावाला शिंकत चालवणार, म्हणे.